मिळकत कराच्या आकारणीवर हरकत कशी घ्यावी

मिळकत कराच्या बिलावर सर्वांत ठळक छापलेली असते ती भरायची एकूण रक्कम, आणि हरकत घ्यायची ती या रकमेवरच, असा बहुतेक घरमालकांचा समज असतो. 'कर फार जास्त लावला आहे, तो कमी करावा' असा अर्ज क्षेत्रीय कार्यालयात दिला जातो, त्याला उत्तर येत नाही किंवा 'नियमानुसार आकारणी योग्य आहे' असे एका ओळीचे उत्तर येते, आणि विषय तेथेच संपतो. वस्तुतः बिलावरची रक्कम हा एका हिशेबाचा अखेरचा आकडा असतो. तो हिशेब ज्या नोंदींवर उभा असतो, त्या म्हणजे घराचे क्षेत्रफळ, वापर, बांधकामाचा प्रकार, पहिल्या आकारणीची तारीख आणि लागू असलेली सवलत. यांपैकी एखादी नोंद चुकीची आहे हे कागदाने दाखवता आले, तर अधिकाऱ्याला ती दुरुस्त करावीच लागते. नोंदीला हात न लावता केवळ रकमेवर केलेली तक्रार मात्र सहसा टिकत नाही.

पुढील विवेचन मुख्यतः महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ लागू असलेल्या शहरांतील, म्हणजे पुणे, पिंपरी-चिंचवड, ठाणे, नाशिक, कोल्हापूर अशा शहरांतील, आणि करयोग्य मूल्यावर, म्हणजे मिळकतीच्या वाजवी वार्षिक भाड्यावरून ठरणाऱ्या मूल्यावर, कर भरणाऱ्या घरमालकांसाठी आहे. उदाहरणे पुण्याची घेतली आहेत. बृहन्मुंबईत १८८८ चा स्वतंत्र कायदा असून तेथे २०१० पासून भांडवली मूल्यावर, म्हणजे मिळकतीच्या बाजारमूल्यावरून ठरणाऱ्या मूल्यावर, कर आकारला जातो, तर नगरपरिषदा आणि नगरपंचायतींना १९६५ चा अधिनियम लागू होतो. त्या ठिकाणी कलमे, मुदती आणि अपिलाचे मार्ग वेगळे आहेत. नोंदी तपासण्याची आणि कागद जमवण्याची रीत मात्र सगळीकडे सारखीच उपयोगी पडते.

बिलामागचा हिशेब

अधिनियमाच्या अनुसूची 'ड' मधील आठव्या प्रकरणात कराधान नियम दिले आहेत. त्यांतील नियम ७ नुसार करयोग्य मूल्य ठरवताना ती इमारत वर्षभरासाठी भाड्याने दिल्यास वाजवीपणे किती भाडे मिळेल हे पाहिले जाते आणि त्यातून दुरुस्ती व इतर सर्व कारणांपोटी १० टक्के वजा केले जातात. प्रत्यक्षात महानगरपालिका प्रत्येक विभागासाठी दर चौरस फुटाला दरमहा एक भाडेदर ठरवते, त्याला क्षेत्रफळाने आणि बाराने गुणते, १० टक्के वजा करते आणि उरलेल्या करयोग्य मूल्यावर निरनिराळ्या करांचे टक्के लावते.

हा हिशेब स्वतः एकदा कागदावर मांडावा, कारण चूक नेमकी कोठे आहे हे त्याशिवाय दिसत नाही. समजा, ६५० चौरस फूट चटई क्षेत्राची (भिंतींच्या आतील वापराच्या जागेची) सदनिका आहे आणि हिशेबाच्या सोयीसाठी भाडेदर दरमहा २ रुपये चौरस फूट धरला. महिन्याचे १,३००, वर्षाचे १५,६०० आणि १० टक्के वजा जाता १४,०४० रुपये करयोग्य मूल्य झाले. घरमालक स्वतः राहत असल्यामुळे त्याला पुण्यातील ४० टक्के सवलत मिळत असेल, तर हे मूल्य ८,४२४ रुपयांवर येते. आता याच सदनिकेची नोंद करताना चटई क्षेत्राऐवजी त्याच्या १.२ पट बांधीव (भिंती धरून मोजलेले) क्षेत्र, म्हणजे ७८० चौरस फूट लिहिले गेले आणि स्वतःच्या वापराची नोंदही राहून गेली, असे समजू. महिन्याचे १,५६०, वर्षाचे १८,७२० आणि वजावटीनंतर १६,८४८ रुपये. म्हणजे करयोग्य मूल्य बरोबर दुप्पट झाले. दर तोच, घर तेच, राहणारे कुटुंबही तेच. फरक फक्त दोन रकान्यांतील नोंदींचा. काही महानगरपालिकांत करयोग्य मूल्य वाढले की सर्वसाधारण कराच्या टक्केवारीचा टप्पाही वरचा लागतो, त्यामुळे प्रत्यक्ष बिल दुपटीच्याही पुढे जाऊ शकते.

आपल्या महानगरपालिकेचा दर चटई क्षेत्राला लावायचा असतो की बांधीव क्षेत्राला, हे कार्यालयात आधी विचारून घ्यावे. दर बांधीव क्षेत्रासाठी ठरवलेला असेल, तर बांधीव क्षेत्राची नोंद ही चूक ठरत नाही, आणि त्यावर हरकत घेऊन आपलेच म्हणणे कमकुवत होते.

बिलावरील करांची यादीही नीट वाचावी. सर्वसाधारण कर, सफाई कर, अग्निशामक कर, वृक्ष कर, जललाभ कर, जलनिस्सारण लाभ कर, पथ कर अशा महानगरपालिकेच्या करांच्या जोडीला राज्य शासनाचा शिक्षण कर असतो. याच यादीत कधीकधी 'रोजगार हमी कर' दिसतो. हा कर १९६२ च्या कायद्यानुसार बिगरनिवासी मिळकतींवर लावला जातो. निव्वळ राहत्या घराच्या बिलात तो आला असेल, तर घराची किंवा घराच्या काही भागाची नोंद बिगरनिवासी म्हणून झाली आहे, असे जवळजवळ निश्चित समजावे. बिगरनिवासी भाडेदर निवासी दरापेक्षा बराच जास्त असतो आणि राज्य शिक्षण कराचा दरही बिगरनिवासी वापराला अधिक असतो, त्यामुळे ही एक नोंद सगळ्या बिलावर परिणाम करते. पूर्वीच्या मालकाचे तळमजल्यावर दुकान होते, शिकवणीचे वर्ग चालत होते किंवा वकिलीचे कार्यालय होते, आणि घर विकल्यावर नोंद तशीच राहिली, अशी प्रकरणे नेहमी आढळतात. पुनर्विक्रीचे घर घेणाऱ्याने हा एक रकाना अवश्य पाहावा.

चुका कोठे सापडतात

क्षेत्रफळ आणि वापर यांनंतर येते ती स्वतःच्या वापराची सवलत. पुण्यात घरमालक स्वतः राहत असलेल्या निवासी मिळकतीला ४० टक्के सवलत १९७० पासून दिली जात होती. लेखापरीक्षणातील आक्षेपांनंतर ती मधल्या काळात बंद झाली आणि २०२३ मध्ये राज्य शासनाच्या निर्णयाने पुन्हा लागू झाली. मात्र ज्यांची आकारणी सवलत बंद असताना नव्याने झाली किंवा ज्यांची सवलत तपासणीत काढली गेली, त्यांना ती मिळवण्यासाठी 'पीटी-३' हा अर्ज पुराव्यासह द्यावा लागतो. सवलत न लागणे हे अनेकदा आकारणीची चूक नसून हा अर्ज न दिल्याचा परिणाम असतो. अशा वेळी हरकतीच्या लांब वाटेने जाण्याऐवजी पीटी-३ भरणे हाच योग्य उपाय होय. सोसायटीचे स्वतःच्या वापराबाबतचे पत्र, मतदार ओळखपत्र, पारपत्र, वाहन परवाना, शिधापत्रिका किंवा गॅस जोडणीचे पुस्तक यांसारखे त्या पत्त्यावरचे कागद जोडावेत आणि शहरात दुसरी मिळकत असेल तर तिच्या बिलाची प्रतही द्यावी. घर भाड्याने दिलेले असताना स्वतःच्या वापराचे निवेदन देऊ नये. ते खोटे तर ठरतेच, शिवाय भाडेकरार नोंदवलेला असल्यामुळे केव्हातरी उघडकीसही येते, आणि मग मागील फरक भरावा लागतो.

आकारणी कोणत्या तारखेपासून लावली आहे, ही नोंद फार कमी लोक पाहतात. बांधकाम व्यावसायिकाने ताबा उशिरा दिला असेल, भोगवटा पत्र (इमारत वापरण्यास परवानगी देणारा महानगरपालिकेचा दाखला) नंतर मिळाले असेल आणि कर मात्र आधीच्या तारखेपासून लावला असेल, तर भोगवटा पत्र, ताबापत्र आणि पहिले वीजबिल हे तीन कागद शेजारी ठेवले की फरक लगेच दिसतो. त्या काळात मिळकत बांधकाम व्यावसायिकाच्या नावावर होती, तर ती थकबाकी कोणी भरायची याचा उल्लेख खरेदीखतात किंवा करारनाम्यात असतो. तो वाद महानगरपालिकेशी नसून व्यावसायिकाशी असतो, हे लक्षात घेऊन दोन्ही प्रश्न वेगळे ठेवावेत.

बिल अचानक तिप्पट झाल्याची तक्रार बहुधा शास्तीमुळे, म्हणजे दंडामुळे असते. अधिनियमाच्या कलम २६७ अ नुसार अनधिकृत बांधकामावर कराच्या दुपटीपर्यंत शास्ती लावता येते. मूळ कर धरून ती रक्कम तिप्पट होऊ शकते. बांधकाम खरोखरच परवानगीशिवाय झालेले असेल, तर आकारणीवर हरकत घेऊन शास्ती जात नाही. त्यासाठी बांधकाम नियमित करून घेण्याचा मार्ग धरावा लागतो. परंतु कित्येक इमारतींना बांधकाम विभागाने भोगवटा पत्र दिलेले असते आणि त्याची प्रत कर आकारणी विभागाच्या फाइलमध्ये लागलेली नसते. अशा ठिकाणी भोगवटा पत्राची प्रत हेच हरकतीचे सर्वांत भक्कम कारण ठरते, आणि ही हरकत प्रत्येकाने एकेकट्याने घेण्यापेक्षा सोसायटीने सर्व सदनिकांसाठी मिळून घेतली तर अधिक बरे.

नव्याने शहरात समाविष्ट झालेल्या गावांतील रहिवाशांनी आणखी एक गोष्ट पाहावी. पुण्यात २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे आली. अशा भागांत महानगरपालिकेचा कर एकदम पूर्ण दराने न लावता टप्प्याटप्प्याने लावण्याची तरतूद कलम १२९ अ मध्ये आहे. आपले घर ग्रामपंचायतीच्या काळात आकारणीस आले होते हे दाखवण्यासाठी त्या काळचा नमुना ८ चा उतारा आणि घरपट्टीच्या पावत्या जपून ठेवाव्यात. ग्रामपंचायतीचे दप्तर महानगरपालिकेकडे वर्ग होताना काही नोंदी सुटतात आणि मग जुने घर नवे म्हणून आकारले जाते.

वास्तविक दुरुस्त करण्याजोगी असूनही लोक जिकडे दुर्लक्ष करतात, अशी नोंद म्हणजे बांधकामाचा प्रकार. पत्र्याचे छप्पर, लोडबेअरिंग (भिंतींवर भार असलेले) बांधकाम आणि आरसीसी (सळई-काँक्रीटच्या सांगाड्याचे) बांधकाम यांचे दर वेगळे असतात. जुन्या वाड्यांतील आणि गावठाणातील घरांच्या बाबतीत हा फरक मोठा पडतो.

उतारा आणि कागद

हरकतीचा पाया बिल नव्हे, तर आकारणी पुस्तकातील, म्हणजे महानगरपालिकेच्या मिळकतींच्या नोंदवहीतील नोंद हा आहे. म्हणून सर्वप्रथम आपल्या मिळकतीचा कर आकारणी उतारा घ्यावा. वर उल्लेखिलेल्या कराधान नियमांतील नियम १४ नुसार आकारणी पुस्तक संबंधित व्यक्तीला पाहण्यासाठी खुले असते, त्यामुळे क्षेत्रीय कार्यालयात जाऊन नोंद पाहण्याची मागणी करणे हा आपला हक्क आहे. माहिती अधिकाराचा मार्गही उपलब्ध आहे. १० रुपये शुल्क भरून मोजणीची नोंद, स्थळपाहणीचा अहवाल आणि टिपणी यांच्या प्रती मागता येतात. मात्र माहिती अधिकारात उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत असते आणि हरकतीची मुदत त्याआधीच संपू शकते. माहिती मिळण्याची वाट पाहत हरकत लांबवणे ही फार महाग पडणारी चूक आहे. हरकत आधी दाखल करावी आणि 'मागवलेली कागदपत्रे प्राप्त होताच सविस्तर म्हणणे सादर करण्याचा हक्क राखून ठेवत आहे' असे तिच्यात लिहावे.

सोबत जोडण्यासाठी नोंदणीकृत खरेदीखत किंवा करारनामा, सूची क्रमांक २ म्हणजेच इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयाकडून मिळणारा दस्ताचा गोषवारा), मंजूर नकाशाची प्रत, भोगवटा पत्र, ताबापत्र, मागील दोन-तीन वर्षांची कराची बिले व पावत्या आणि वापर दाखवणारी वीजबिले पुरेशी होतात. वीजबिलावर जोडणीचा वर्ग छापलेला असतो. निवासी वर्गातील वीजबिलांची सलग काही वर्षांची मालिका ही 'येथे दुकान नाही' हे सिद्ध करण्यास शपथपत्राहून अधिक उपयोगी ठरते. क्षेत्रफळाचा वाद असेल आणि रक्कम मोठी असेल, तर परवानाधारक वास्तुविशारदाकडून खोलीनिहाय मोजमाप करून सहीशिक्क्याचा दाखला घ्यावा. लहान सदनिकेसाठी एवढा खर्च करू नये. मंजूर नकाशावरील क्षेत्र आणि करारनाम्यातील क्षेत्र जुळत असेल तर तेवढे चालते.

शेजाऱ्याच्या बिलाशी तुलना करण्याचा मोह सर्वांनाच होतो. ती तुलना उपयोगी आहे, पण एका अटीवर. दोन्ही सदनिका एकाच इमारतीत, सारख्या क्षेत्राच्या, सारख्या वापराच्या आणि एकाच सुमारास प्रथम आकारलेल्या असाव्यात. पुण्यासारख्या शहरात जुन्या आकारणीला जुना भाडेदर चालू राहतो, त्यामुळे रस्त्यापलीकडच्या तीस वर्षांपूर्वीच्या इमारतीतील कर कमी आहे हे दाखवून काहीच साधत नाही. त्याच मजल्यावरील समोरच्या घराची नोंद मात्र अधिकाऱ्याला दुर्लक्षिता येत नाही.

आणखी एक सावधगिरी. हरकत घेतल्यावर स्थळपाहणी होऊ शकते आणि निरीक्षक घर आहे तसे नोंदवतो. बाल्कनी बंदिस्त करून खोलीत घेतली असेल, गच्चीवर पत्र्याची शेड टाकली असेल किंवा एक खोली भाड्याने दिली असेल, तर तीही नोंद होईल. हरकतीतून मिळणारी सूट आणि या नोंदींमुळे होणारी वाढ यांचा हिशेब आधीच मांडून मगच निर्णय घ्यावा.

विशेष नोटीस आणि तिची मुदत

मिळकत प्रथमच आकारणी पुस्तकात येते किंवा तिचे करयोग्य मूल्य वाढवले जाते, तेव्हा केवळ जाहीर सूचना पुरेशी नसून मालकाला किंवा भोगवटादाराला लेखी विशेष नोटीस द्यावी लागते, असे नियम १५ सांगतो. हरकतीची मुदत या नोटिशीवर छापलेली असते. ती दिवसांत मोजायची असते आणि नोटीस बजावल्याच्या दिवसापासून चालू होते. म्हणून नोटीस हाती पडताच तिच्यावर मिळाल्याची तारीख लिहावी, लिफाफा टाकून देऊ नये, आणि नोटीस सुरक्षारक्षकाकडे किंवा दाराला चिकटवून दिली असेल तर त्याचे छायाचित्र काढून ठेवावे. नोटिशीच्या भाषेत 'प्रस्तावित' असे शब्द असतात, त्यामुळे अंतिम बिल आल्यावर पाहू असे अनेकांना वाटते. बिल येते तेव्हा मुदत गेलेली असते.

नोटीस मिळालीच नाही, किंवा मुदत हुकली, तरी मार्ग पूर्ण बंद होत नाही. नियम २० नुसार संबंधित व्यक्तीने निवेदन दिल्यास आयुक्तांना चालू वर्षाच्या आकारणी पुस्तकात त्या वर्षात केव्हाही दुरुस्ती करता येते आणि पुरेशा कारणासाठी करयोग्य मूल्य कमीही करता येते. ही दुरुस्ती त्या आर्थिक वर्षातील, ती करण्याजोगी परिस्थिती ज्या दिवसापासून होती त्या दिवसापासून लागू धरली जाते. याचा व्यावहारिक अर्थ असा की निवेदन ३१ मार्चच्या आत जायला हवे. एप्रिल उजाडला की मागील वर्षाची रक्कम परत मिळवणे फार कठीण होते. नोटीस मिळाली नसेल तर निवेदनात ते स्पष्ट लिहावे आणि नोटीस बजावल्याच्या पुराव्याची प्रत मागावी. विशेष नोटिशीशिवाय केलेली वाढ हा पुढे अपिलातही महत्त्वाचा मुद्दा ठरतो.

हरकत अर्ज

अर्ज महानगरपालिका आयुक्तांच्या नावे, 'मार्फत' म्हणून क्षेत्रीय कार्यालयातील कर आकारणी अधिकाऱ्याचा उल्लेख करून लिहावा. नियम १६ नुसार हरकत लेखी असावी आणि तिची कारणे थोडक्यात पण पूर्ण नमूद केलेली असावीत. अर्जात राग, उपरोध किंवा इतर नागरी गैरसोयींचा पाढा असू नये. रस्त्यावर दिवे नाहीत, पाणी एक दिवसाआड येते, ही गाऱ्हाणी खरी असली तरी त्यांमुळे करयोग्य मूल्य बदलत नाही आणि मुख्य मुद्दा मात्र झाकला जातो.

मजकुराचा गाभा असा असावा: 'विषयांकित मिळकतीच्या आकारणी पुस्तकात क्षेत्रफळ ७८० चौरस फूट व वापर बिगरनिवासी असे नमूद आहे. नोंदणीकृत करारनामा (सोबत जोडपत्र १) व मंजूर नकाशा (जोडपत्र २) यांनुसार चटई क्षेत्र ६५० चौरस फूट आहे. मिळकतीचा वापर ताबा मिळाल्यापासून केवळ निवासी असून सलग वीजबिले (जोडपत्र ३) जोडली आहेत. सबब, क्षेत्रफळ ६५० चौरस फूट व वापर निवासी अशी दुरुस्ती करून करयोग्य मूल्य १४,०४० रुपये निश्चित करावे, तसेच अंतिम निर्णयापूर्वी मला प्रत्यक्ष सुनावणीची संधी द्यावी, ही विनंती.'

या मजकुरात शेवटचा आकडा महत्त्वाचा आहे. आपल्या मते योग्य करयोग्य मूल्य किती, हे अर्जदाराने स्वतः मांडले की अधिकाऱ्याला तो हिशेब तरी तपासावा लागतो. 'योग्य तो कर लावावा' असे लिहिले की सगळे त्याच्या मर्जीवर जाते. प्रत्येक चुकीच्या नोंदीसमोर एक जोडपत्र असावे. जोडपत्र नसलेला मुद्दा वगळलेला बरा, कारण एक कच्चा मुद्दा तीन पक्क्या मुद्द्यांवरची चर्चा खाऊन टाकतो.

अर्जाच्या दोन प्रती न्याव्यात आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख व शिक्का असलेली पोच घ्यावी. नुसत्या सहीवर समाधान मानू नये, आणि अर्ज निरीक्षकाच्या हाती परस्पर देऊन येऊ नये. त्याची बदली झाली की अर्जाचा माग राहत नाही. कार्यालयाने पोच देण्यास टाळाटाळ केली तर त्याच दिवशी स्पीड पोस्टने अर्ज पाठवावा. ऑनलाइन तक्रार केली असेल तरी कागदी अर्ज द्यावाच, कारण तक्रार निवारणाच्या पोर्टलवरील नोंद ही नियम १६ मधील हरकत मानली जाईलच असे नाही.

सुनावणी

नियम १७ नुसार सुनावणीची तारीख, वेळ आणि ठिकाण कळवले जाते. गैरहजर राहिल्यास एकतर्फी निर्णय होऊ शकतो, म्हणून जाणे शक्य नसेल तर लेखी मुदतवाढ मागावी किंवा अधिकारपत्र देऊन घरातील व्यक्तीला पाठवावे. वकिलाची या टप्प्यावर सहसा गरज नसते. एका दिवशी बरीच प्रकरणे लागलेली असतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला थोडीच मिनिटे येतात. त्यामुळे एका पानावर तीन रकान्यांचा तक्ता नेणे उत्तम: पुस्तकातील नोंद, प्रत्यक्ष स्थिती आणि पुराव्याचा जोडपत्र क्रमांक. अधिकाऱ्याची नजर आधी त्या पानावर जाते आणि बोलणेही त्याच क्रमाने होते. मूळ कागद दाखवावेत, हाती मात्र प्रतीच द्याव्यात.

सुनावणीत 'ठीक आहे, करून देतो' असे तोंडी आश्वासन मिळाले तर त्याच दिवशी दोन ओळींचे पत्र आवक करून ठेवावे: 'आजच्या सुनावणीत मी अमुक कागद सादर केले असून लेखी आदेशाची प्रत मिळावी.' लेखी आदेश मागण्यामागे केवळ दप्तर पूर्ण ठेवण्याचा हेतू नाही. अपिलाची मुदत हरकत निकाली निघाल्याच्या दिवसापासून मोजली जाते, आणि तो दिवस कोणता हे आदेशाशिवाय सिद्ध करता येत नाही.

कर भरायचा की थांबायचा

हरकत प्रलंबित आहे म्हणून कर भरणे थांबवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. थकबाकीवर दरमहा २ टक्के, म्हणजे वर्षाला २४ टक्के शास्ती चढते, आणि हरकतीचा निकाल वर्ष-दीड वर्ष लांबला तर मिळणारी सूट शास्तीतच जिरून जाते. वादग्रस्त नसलेली रक्कम तर निश्चितच भरावी. शक्य असल्यास संपूर्ण रक्कम भरून, त्याच दिवशी 'हरकत राखून भरणा केला आहे, हा भरणा आकारणीस संमती समजू नये' असे पत्र पावतीच्या प्रतीसह आवक करावे. ऑनलाइन भरण्यात अशी नोंद करण्याची सोय सहसा नसते, म्हणून हे पत्र वेगळे द्यावे लागते. वर्षाच्या सुरुवातीच्या महिन्यांत पूर्ण रक्कम भरणाऱ्यांना पुण्यासह अनेक ठिकाणी सर्वसाधारण करात सूट मिळते, तिचाही फायदा होतो. निर्णय आपल्या बाजूने लागला की जादा भरलेली रक्कम सामान्यतः पुढील बिलात वळती केली जाते.

अपील

आयुक्तांच्या किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याच्या निर्णयाने समाधान झाले नाही, तर कलम ४०६ नुसार न्यायालयात अपील करता येते. पुण्यात ते लघुवाद न्यायालयात, तर इतर बहुतेक शहरांत दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर यांच्याकडे दाखल होते. मुदत १५ दिवसांची आहे. ती इतकी तोकडी आहे की आदेश हाती आल्यावर वकील शोधायला सुरुवात केली तर निम्मी तेथेच जाते. म्हणून सुनावणीचा कल पाहून आधीच वकिलांशी बोलून ठेवावे. करयोग्य मूल्याविरुद्धच्या अपिलासाठी आधी हरकत घेतलेली आणि ती निकाली निघालेली असणे आवश्यक आहे, म्हणजेच हरकतीची पायरी चुकवून थेट न्यायालयात जाता येत नाही. वादग्रस्त कराची रक्कम जमा करण्याची अटही या कलमात असल्याने ती भरलेली आहे असे पाहूनच अपिलाची तयारी करावी. उच्च न्यायालयात रिट याचिका करण्याचा सल्ला कधीकधी दिला जातो. पण कायद्यात अपिलाची सोय असताना न्यायालय सहसा प्रथम तिकडेच जाण्यास सांगते.

वर्षातून काही वेळा थकबाकीची प्रकरणे लोक अदालतीत ठेवली जातात आणि शास्तीत सवलत देऊ केली जाते. केवळ थकबाकीचा प्रश्न असेल तर ती संधी घ्यावी. आकारणीच चुकीची असेल तर मात्र सही करण्यापूर्वी थांबावे, कारण लोक अदालतीचा निवाडा अंतिम असतो आणि त्याविरुद्ध अपील करता येत नाही. शास्तीचे काही हजार वाचवताना चुकीचे क्षेत्रफळ आपण मान्य केले, असे व्हायला नको. तडजोडीच्या मसुद्यात 'आकारणीवरील हरकत स्वतंत्रपणे प्रलंबित आहे' असे वाक्य घालण्यास अधिकारी तयार असतील, तरच पुढे जावे.

दुरुस्तीचा आदेश मिळाल्यानंतर त्याची अंमलबजावणी संगणकीय नोंदीत झाली आहे का, हे स्वतः पाहावे. आदेश एका फाइलमध्ये राहतो आणि बिल दुसऱ्या प्रणालीतून निघते. आदेशानंतर महिनाभरात सुधारित कर आकारणी उतारा मागवावा आणि त्यात क्षेत्रफळ, वापर, सवलत आणि करयोग्य मूल्य हे चारही रकाने आदेशाशी ताडून पाहावेत. एप्रिलमध्ये येणारे नवे बिल जुन्याच आकड्यांवर निघाले, तर आदेशाची प्रत, सुधारित उतारा आणि पूर्वीच्या पोच-प्रती जोडून नवे निवेदन त्याच महिन्यात आवक करावे.